उडी झाली!

उडी कशाला म्हणावं याबद्दल आमच्या घरात सध्या दोन मतं आहेत. बहुमताचं म्हणणं असं, की दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटले पाहिजेत. ओवीला ही अट मान्य नाही. ती माझी नात, सव्वादोन वर्षांची आहे. तिच्या मते गुडघे वाकवायचे, दोन्ही हात मागे नेऊन जोरात पुढे फेकायचे, टाचा उचलायच्या, "उदी!" असं ओरडायचं आणि पुन्हा ताठ उभं राहायचं, की झाली उडी. या सगळ्या प्रकारात पायांची बोटं मोझॅकच्या फरशीवरून तसूभरही हलत नाहीत. चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नसतो. तिचा बाप एकदा न राहवून म्हणाला, "अगं, पाय उचल की!" त्यावर तिने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी बँकेत असताना ऑडिटला आलेल्या माणसांसाठी राखून ठेवलेली असायची.

माझी सून फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणते, "आई, उडी दिसते तेवढी सोपी नाही." चालताना एक ना एक पाय जमिनीवर टेकलेला असतो, दुसऱ्याला तेवढी सवड मिळते. उडीत दोन्ही पायांनी एकाच क्षणी, आणि शरीराच्या वजनापेक्षा जास्त जोराने, जमीन खाली दाबावी लागते. एक पाय जरा आधी निघाला तर ती उडी राहत नाही, नुसती टांग होते. शिवाय वर गेल्यावर खाली येणं आलंच, आणि तेव्हा गुडघे वेळेवर वाकले नाहीत तर दणका बसतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मुलांच्या वाढीच्या टप्प्यांची यादी २०२२ मध्ये नव्याने केली. तिच्यात दोन्ही पाय उचलून मारलेली उडी अडीच वर्षांच्या रकान्यात आहे. म्हणजे ओवीच्या हातात अजून मुदत आहे. पण मुदतीची गरज आपल्याला. तिची उडी तिच्या हिशेबी कधीच झालेली आहे.

मी उडीपेक्षा तो चेहराच जास्त बघते. कशाचा एवढा अभिमान? आणि कोणासाठी?

आपण मोठी माणसं असं धरून चालतो, की पोराला अभिमान आपण शिकवतो. त्याने काही केलं की आपण टाळ्या वाजवतो, "शाब्बास गं माझी राणी" म्हणतो, कानशिलावर बोटं मोडतो, संध्याकाळी मीठमोहरीने दृष्ट काढतो, आणि मग त्याला कळतं की आपण काहीतरी भारी केलं. माझाही थोडाफार हाच समज होता. पण ओवी पहिल्यांदा आधाराशिवाय उभी राहिली तेव्हा तिच्यासमोर कोणी नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात होते आणि तिची माझ्याकडे पाठ होती. दिवाणाच्या कडेवर ठेवलेले दोन्ही हात तिने सोडले. थोडी डुलली. आणि उभ्या उभ्या हसली. मला हसणं दिसलं नाही, ऐकू आलं. मग धपकन बसली, दिवाण धरून उठली, हात सोडले, पुन्हा हसली. ना तिने मागे वळून पाहिलं, ना कोणाला हाक मारली. मीही तोंडातून शब्द काढला नाही. त्या खोलीत माझं काही काम नव्हतं.

रॉबर्ट व्हाइट नावाच्या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. तोवरचे पंडित माणसाच्या प्रत्येक हालचालीमागे भूक, तहान, भीती असलं काहीतरी शोधत. व्हाइट म्हणाले, पोट भरलेलं, झोप झालेलं मूलही गप्प बसत नाही; आपल्या करण्याने जगात काहीतरी होतं, याचीच त्याला ओढ असते, आणि ती ओढ भुकेइतकीच मूळची आहे. ज्याने कोणी एक वर्षाच्या पोराला वाटीत चमचा टाकायचा, काढायचा, टाकायचा हा उद्योग करताना पाहिलंय, त्याला यासाठी हार्वर्डला जायला नको. तरी कोणीतरी ते नीट मांडलं हे बरं झालं.

चालण्याचं प्रकरण याहून मोठं. न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अॅडॉल्फ या बाई वर्षानुवर्षं मुलांच्या रांगण्याचालण्याचा अभ्यास करताहेत. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी सोडल्यावर तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात, असा हिशेब त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडला. अंतर होतं ७०१ मीटर. आमच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याची पूर्ण फेरी सव्वा किलोमीटरच्या जरा आत भरते. म्हणजे पोरगं दिवाणखान्यातल्या दिवाणखान्यात तासाभरात अर्धी फेरी ओलांडून जातं. मी रोज सकाळी स्पोर्ट्स शूज घालून एक फेरी मारते आणि घरी येऊन सगळ्यांना सांगते.

यातली बरीचशी चाल कुठे पोचायला नसते, हेही याच मंडळींनी दाखवलंय. चार पावलं टाकायची, मधेच थांबायचं, वळायचं, भलतीकडे जायचं. खेळणं दिसलं म्हणून निघाली आणि खेळण्यापाशी थांबली, असं दर वेळी होत नाही. ओवी तेव्हा बाल्कनीच्या दारापासून फ्रीजपर्यंत आणि फ्रीजपासून बाल्कनीच्या दारापर्यंत जायची. फ्रीजमधलं काही नको, बाल्कनीतलं काही नको. हातात मात्र काहीतरी लागायचं. बहुतेक वेळा लाटणं. मी ते काढून घ्यायचे, की आधीच तोल नाही, त्यात हातात लाकूड कशाला. सून म्हणाली, राहू द्या. हातात वस्तू असली म्हणून नवं चालणारं मूल जास्त पडत नाही, हे तपासलेलं आहे. मला पटायला वेळ लागला. पण खरंच, लाटणं हातात असलं की ती जरा जपूनच चालायची, पोट पुढे काढून, आणि खोली ओलांडून आली की ते माझ्या हातात द्यायची. रांगत्या पोराला हे सहज जमत नाही. हात जमिनीवर गुंतलेले असतात. चालायला लागल्यावर पहिल्यांदाच तिला इथली वस्तू तिथल्या माणसाला नेऊन देता आली. दिवसभर मग मला लाटणं मिळायचं.

पडण्याबद्दल आपल्याकडे एक मोठं नाटक आहे. मूल पडलं की आपण "मुंगी मेली, मुंगी मेली!" म्हणतो, फरशीला चापट मारतो, आणि मूल रडत नसेल तर आपल्या धावून जाण्याने रडायला लागतं. अॅडॉल्फबाईंच्याच प्रयोगशाळेत पडण्याच्या शेकडो प्रसंगांचे व्हिडिओ बारकाईने पाहिले गेले. फार थोड्या वेळा मुलं कुरकुरली. बाकी वेळा काही सेकंदांत पुन्हा कामाला लागली. उंची कमी, वजन कमी, पडताना हात पुढे येतात, बूड आधी टेकतं. पडणं हा त्यांच्या लेखी अपमान नसतो. तो कधी होतो, त्याकडे येतेच.

पण या शिकण्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट मला दिवाणाने दाखवली. रांगत असताना ओवी दिवाणाच्या कडेशी आली की थांबायची, खाली बघायची, मग हळूहळू फिरून पाय आधी खाली सोडायची आणि सरकत उतरायची. इतकं व्यवस्थित, की मी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. पुढे चालायला लागली, आणि तीच शहाणी पोर एके दिवशी दिवाणावर उभी राहून कडेकडे सरळ चालत निघाली. नशिबाने तिचा बाप समोर होता. हे काय, विसरली की काय सगळं? तर विसरली नव्हती. उतारावरच्या प्रयोगांत हेच दिसतं: कितपत उतार झेपेल हे रांगणाऱ्या मुलांना काही आठवड्यांच्या सरावाने छान समजतं, पण तीच मुलं उभी राहून चालू लागली की तीव्र उतारावरही बेधडक पाऊल टाकतात. बसलेल्या शरीराचं, रांगणाऱ्या शरीराचं आणि उभ्या शरीराचं शहाणपण वेगवेगळं. नवं शरीर मिळालं की हिशेब पहिल्यापासून. आपल्याला वाटतं पोरगं एकेक पायरी चढत चाललंय. प्रत्यक्षात ते पक्की झालेली कला टाकून पुन्हा नवशिकं व्हायला तयार होतं. वर्षभराची रांगण्यातली पारंगत बाई आपण होऊन अडखळणं पत्करते, हे मला अजून नवल वाटतं. बँकेत संगणकावरचं कोअर बँकिंग आलं तेव्हाचं माझं वर्तन आठवा. किंवा नका आठवू.

नातेवाइकांना यातलं काही नको असतं. त्यांना तारीख हवी असते. "अजून चालत नाही?" हा प्रश्न ओवीच्या अकराव्या महिन्यापासून सुरू झाला. "आमचा तर दहाव्यातच धावत होता." जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या देशांतल्या मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात निरोगी मुलांनी स्वतंत्र चालण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि त्यांचं काही बिघडलं नाही. पण ही आकडेवारी हळदीकुंकवाला सांगता येत नाही. तिथे "चालेल हो" एवढंच म्हणायचं आणि वाण घेऊन निघायचं.

भेट म्हणून आलेला चाकांचा वॉकर सुनेने पॅक उघडायच्या आत परत पाठवला. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, कारण त्यात बसलेली मुलं जिन्यावरून खाली जात. मला त्याचा राग वेगळ्या कारणाने येतो. आपला लाकडी पांगुळगाडा आणि हा वॉकर यांत मोठा फरक आहे. पांगुळगाड्यामागे मूल आपल्या पायांवर उभं असतं. दांडी धरायची की सोडायची हे त्याच्या हातात, आणि सोडली की बसकण. वॉकरमध्ये त्याला टांगलेलं असतं. खोलीभर फिरतं खरं, पण त्यात त्याने काय केलं?

हाच प्रश्न आमच्या जिन्यावर रोज उभा राहतो. दादरची जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, लाकडी जिना. दीड वर्षाची झाल्यापासून ओवीला कडेवर घेऊन चढायची सोय उरलेली नाही. "मी!" एवढाच शब्द, पण त्याला अपील नाही. एक पाय वर, कठडा धरून दुसरा त्याच पायरीवर. थांबायचं. खाली बघायचं. पुढची. (माझ्या गुडघ्यांमुळे मीही हल्ली अशीच चढते, त्यामुळे आमची गती जुळते.) खालून वाणसामान घेऊन येणारा मुलगा मागे ताटकळतो, वरून उतरणारे भिंतीला चिकटून उभे राहतात, पहिल्या मजल्यावरच्या काकू दार उघडून "आली का गं स्वारी?" विचारतात. एकदा घाई होती म्हणून तिच्या बापाने शेवटच्या चार पायऱ्यांसाठी तिला अलगद उचललं. दारात ठेवल्याबरोबर ती वळली, त्या चार पायऱ्या बसत बसत खाली उतरली आणि पुन्हा चढून आली. रडली नाही, ओरडली नाही. काम अर्धवट राहिलं होतं, ते पुरं केलं. ज्याला आपण हट्ट म्हणतो त्यातला निम्मा भाग हा असतो असं माझं मत झालंय. उरलेला निम्मा हट्टच असतो, त्याबद्दल गैरसमज नको.

संध्याकाळी आम्ही शिवाजी पार्कात जातो. कट्ट्यावर चढणं हा स्वतंत्र कार्यक्रम आहे, तो सोडून देते. तिथून समर्थ व्यायाम मंदिर. मल्लखांबाला वाहिलेली ही जागा. इथले उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी जो खांब रूढ केला, त्याच्याच दोरीच्या प्रकारात आता आठ-दहा वर्षांच्या मुली दोरी पायाच्या अंगठ्यात पकडून उलट्या लटकतात. ओवी हे सगळं तोंड उघडं ठेवून बघते. पण तिला सर्वांत आवडतं ते शेवटचं: खाली उतरून ताठ उभं राहणं. तिची स्वतःची पद्धत अशी, की काही जमलं की दोन्ही हात वर, छाती पुढे, मान मागे. डब्याचं झाकण लागलं, हात वर. चप्पल पायात गेली, डावी उजव्यात गेली तरी, हात वर. मी कौतुकाने सगळ्यांना सांगत होते, की हे तिने मल्लखांबाच्या मुलींकडून उचललं.

मग एक अभ्यास वाचनात आला आणि माझं श्रेय गेलं. जेसिका ट्रेसी आणि डेव्हिड मात्सुमोतो यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकमधल्या ज्यूडो खेळाडूंची लढत संपल्या क्षणीची छायाचित्रं तपासली. त्यात जन्मापासून अंध असलेले खेळाडूही होते, ज्यांनी दुसऱ्या कोणाला जिंकल्यावर कसं उभं राहतात हे कधी पाहिलेलं नाही. जिंकल्यावर तेही हात वर करत होते, छाती फुगवत होते, मान मागे टाकत होते. म्हणजे हे आमच्या ओवीने कोणाकडून शिकायचं कारणच नव्हतं. ते आत होतंच. झाकण लागायचा अवकाश होता. त्याच छायाचित्रांत हरलेल्या अंध खेळाडूंचे खांदेही पडलेले होते. ते वाचलं आणि मला गेल्या महिन्यातली एक गोष्ट उलगडली.

झालं असं की ओवी आता बघते. उडीच्या आधी बघते. गुडघे वाकवले, हात मागे गेले, आणि मग मान वर करून समोर कोण आहे याची खात्री. मी पेपरात असले तर "आज्जी, बघ." पेपर खाली येईपर्यंत गुडघे वाकलेलेच. दिवाणापाशी पाठमोरी हसणारी ती मुलगी हे करत नव्हती. डेबोरा स्टायपेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे मांडलं आहे: लहान मुलं काम जमल्यावर खूश होतात, कोणी बघो न बघो, दोन वर्षांच्या आसपास मात्र ती मान वर करून मोठ्यांकडे पाहू लागतात, टाळी येते का याची वाट बघतात. मायकेल लुइस यांच्या मांडणीत तर गर्व आणि शरम ही जोडीनेच येतात, तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला. त्यासाठी आधी आरशातली ती मीच, हे कळावं लागतं, आणि कसं करायला हवं याचं एक माप मनात तयार व्हावं लागतं. माप आलं की त्याला कमी पडणंही आलं.

ते मी पाहिलं. मल्लखांबाच्या बाहेर एका चार वर्षांच्या मुलाने पायरीवरून खणखणीत उडी मारली. दोन्ही पाय हवेत, धप्प. ओवीने पाहिलं. ती पायरीवर उभी राहिली, गुडघे वाकवले, हात मागे नेले, आणि तशीच थांबली. मग हात खाली आले, खांदे पडले, आणि ती माझ्या साडीत तोंड खुपसून उभी राहिली. पडली नव्हती, लागलं नव्हतं. उडी म्हणजे काय याबद्दलचं दुसरं मत तिला त्या क्षणी समजलं असावं.

अशा वेळी काय म्हणावं? आजूबाजूच्या आयांचं "वाव, सुपर, सुपर!" चालू असतं, पोराने नाक शिंकरलं तरी सुपर. मला तो शब्दांचा पूर सोसत नाही. मुलांना कळतं, हो. झाकण लागल्यावरचं "लागलं झाकण" आणि नुसतंच सवयीने फेकलेलं "शाब्बास" यातला फरक ओवीला चांगला कळतो. दुसऱ्याला ती ढुंकूनही बघत नाही. फोन समोर धरणं तर त्याहून वाईट. तिच्या बापाने उडीचे व्हिडिओ काढायला सुरुवात केल्यापासून ती उडी मारते आणि लगेच फोन बघायला धावते. उडी कशी झाली हे आता तिला पायांकडून कळायच्या आधी पडद्याकडून कळतं. मी फोनवर बंदी घालून पाहिली. घरातल्या बहुमताने ती उठवली.

त्या संध्याकाळी मी काहीच बोलले नाही. पायरीवर तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने ती खालच्या पायरीवर गेली, माझ्याकडे पाठ करून, आणि तिथून एक पाय आधी, दुसरा नंतर, अशी खाली उतरली. जोरात. उडी नव्हतीच ती, सुनेच्या व्याख्येनेही नाही आणि ओवीच्याही नाही. हात वर गेले नाहीत. पण ती पुन्हा चढली, आणि पुन्हा तसंच. अंधार पडला, मुलींनी दोऱ्या गुंडाळल्या, आणि घरी न्यायला मला शेंगदाण्यांची लाच द्यावी लागली.

त्यानंतर घरात उडी जरा कमी झाली आहे. विषय बदललाय. आमच्या जुन्या दाराला दोन कड्या आहेत, वरची आणि खालची, आणि खालच्या कडीचा दांडा कोयंड्यातून कसा निघतो यावर सध्या काम चालू आहे. मी समोर असले की ती काम थांबवून भिंतीकडे बघते, त्यामुळे हा प्रकल्प प्रेक्षकांसाठी नाही हे उघड आहे. परवा दांडा अर्धा सरकला. वरची कडी दिवसाही लावायची म्हटलं तर तिथे माझाच हात पोचत नाही, म्हणून मधे एक नवी बसवायला सुताराला सांगितलंय. तो "उद्या येतो" म्हणाला. दादरमध्ये सुताराचा उद्या बराच लांब असतो. ओवीला तेवढा वेळ पुरेल असं दिसतंय.